एल्फांचं वधूवर सूचक मंडळ

न्यू जर्सीहून सुट्टीला आलेल्या भाचीच्या सामानात सगळ्यात जड वस्तू होती एक कादंबरी. उशाला घेतली तर मान धरेल एवढी.

"कसं आहे गं पुस्तक?" मी विचारलं.

"मी टीम कीफ."

"पुस्तक कसं आहे विचारलं."

"तेच सांगितलं ना, मामा!"

पुस्तक शॅनन मेसेंजर या अमेरिकी लेखिकेच्या 'कीपर ऑफ द लॉस्ट सिटीज' मालिकेतलं. मालिका २०१२ साली सुरू झाली. सोफी फॉस्टर ही सॅन डिएगोतली १२ वर्षांची मुलगी. तिला दुसऱ्यांच्या मनातलं ऐकू येतं. एक दिवस तिला कळतं की आपण माणूस नाहीच, एल्फ आहोत. एल्फ म्हणजे कोण, हे आईला सांगताना माझी तारांबळ उडाली. "यक्ष-गंधर्वांपैकी समज," म्हणून वेळ मारून नेली. दिसायला देखणे, हजारो वर्षं जगणारे. म्हातारपण फक्त कानांना. वय वाढलं की टोकदार होतात.

तर हे प्रगत लोक लग्नं कशी जमवतात? यादीवरून! जोड्या जुळवणारं अधिकृत कार्यालय प्रत्येकाच्या हाती १०० अनुरूप स्थळांची यादी देतं. यादीबाहेर लग्न केलंत की 'बॅड मॅच' हा शिक्का, आणि तो मुलाबाळांनाही भोगावा लागतो. आपल्या गंधर्वांनी निदान कुणाला न विचारता करायच्या लग्नाला स्वतःचं नाव दिलं. त्यांचे हे अमेरिकी भाऊबंद प्रकाशाच्या झोतातून क्षणात कुठेही पोचतात, पण बोहल्यापर्यंत पोचायला अर्ज भरावा लागतो. आईने हातातला पेपर बाजूला ठेवला. "चांगल्या वळणाचे दिसतात," ती म्हणाली.

भाची उखडली. "कुणी कुणाशी लग्न करायचं हे ठरवणारे ते कोण?" वा! मी मनातल्या मनात टाळी वाजवली, तेवढ्यात तिचं पुढचं वाक्य आलं. सोफीच्या मित्रांपैकी फिट्झशी तिचं जमताच कामा नये, कीफशीच जमलं पाहिजे. वर्गातली एक मैत्रीण टीम फिट्झ आहे. त्यापायी दोघींचा आठवडाभर अबोला होता.

बाकीची मतंही होती म्हणा. भागागणिक पुस्तक फुगत चाललंय, शेवट नेमका ऐन मोक्यावर तोडतात, डोळ्यांच्या रंगांचं किती ते कौतुक. पण ही सगळी तोंडीलावणी. मुख्य पान स्थळांचं.

मग आईने रीतसर चौकशी सुरू केली.

"त्या फिट्झचं घराणं कसं?"

"व्हॅकर. एकदम नामांकित. पण मोठा भाऊ शत्रूला सामील झालाय. आणि तो स्वतः रागीट आहे."

"आणि तुझा कीफ?"

"मस्त विनोदी आहे, आजी. केस तर..."

"केसांचं राहू दे. घरी कोण?"

"आई आहे. ती खलनायिका आहे."

आईने हात जोडले. "तिसरं कुणी?"

"डेक्स. यंत्रांत हुशार. बाबांचं औषधांचं दुकान आहे."

"हे बरं आहे!"

"पण सोफीला दत्तक घेतलेल्या आईच्या बहिणीचा मुलगा आहे तो."

"म्हणजे मावसभाऊ? मिटव ते पुस्तक!"

एल्फांच्या कार्यालयाला १०० नावं लागतात. आमच्या आईने तीन नावांचा निकाल चहा निवायच्या आत लावला.

गंमत अशी की पुस्तकातल्या सूचक मंडळाला नावं ठेवत ठेवत वाचकांनी बाहेर दोन मंडळं काढली. कार्यालय निदान यादी देऊन गप्प बसतं. ही मंडळं एकेकच स्थळ घेऊन दारात ठाण मांडतात. शेवटी २०२२ साली, नवव्या भागात, मेसेंजरबाईंनी कौल कीफला दिला. पहिल्या भागापासून दहा वर्षं! एवढ्या काळात आपल्याकडे कांदेपोहे, साखरपुडा, लग्न आणि थोरल्याची मुंज एवढं सगळं उरकतं. भाचीच्या मते नववा भाग सर्वोत्तम. मैत्रिणीच्या मते लेखिका बिघडली. उमेदवार निवडून आला की ग्रंथ थोर, पडला की टाकाऊ. दोघी मोठ्या झाल्या की नामांकित समीक्षक होणार, यात मला शंका नाही.

आणि सोफी? ती बिचारी मध्यंतरी स्वतः त्या कार्यालयात नाव नोंदवून आली होती. जन्मदात्या आईबापांचा पत्ता नाही, म्हणून यादीच मिळाली नाही. शेरा मिळाला, 'अनमॅचेबल'.

"याला मराठीत काय म्हणतात, मामा?"

"बेजोड."

"म्हणजे जिची जोडी जमत नाही ती?"

"नाही गं. जिच्या तोडीचं कुणी नाही ती."

भाची विचारात पडली. मला वाटलं, उजाडलं.

"असं कसं कुणी नाही?" ती म्हणाली. "कीफ आहे ना!"