लिंबू

नानांची गाडी चालवायला नाही, असायला आहे. १९९८ची एटहंड्रेड, मीटरवर ३१ हजार. भाजीला नाना पायी जातात, बँकेत बसने, लेकीकडे बिबवेवाडीला रिक्षाने. 'गाडी आहे ना तुमची?' असं विचारलं तर म्हणतात, "म्हणूनच. रस्त्यावर काय चाललंय बघताय ना?" असे नाना कोथरूडच्या आमच्या सोसायटीत प्रत्येक विंगला एकेक आहेत. हे ए विंगचे.

वटपौर्णिमेच्या आसपास गाडीला अंघोळ. पाइप थेट चाकांच्या आतपर्यंत. मग पार्किंगमध्ये, जिथे लिंबूसुद्धा घरंगळणार नाही अशा सपाट जागी, नाना दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढतात. कर्र, कर्र, कर्र. शेवटचा दात लागल्याशिवाय त्यांना जिना चढवत नाही. वर प्लॅस्टिकचं कव्हर, खालून नायलॉनच्या दोरीने आवळलेलं. आतली वाफ बाहेर जायची सोय नाही. नानांच्या मते ती धूळ आत न येण्याची सोय आहे.

यंदाच्या दसऱ्याला झेंडूचा हार चढला, पुढच्या चाकाखाली लिंबू ठेवलं, बॅटरीला शेजारच्या गाडीची वायर जोडून इंजिन सुरू झालं. नानांनी हँडब्रेक सोडला, पहिला टाकला, क्लच सोडला. गाडीचं बूड तेवढं खाली बसलं आणि इंजिन बंद. लिंबू आहे तिथे.

लगेच परिषद भरली. एकाने गरम पाणी सुचवलं, दुसरा दाराच्या बिजागरीचं तेल घेऊन आला. वेळेवर पोचलेल्या मेकॅनिकने ते हातातून काढून घेतलं. "लायनरला तेल लागलं तर उद्या ब्रेकच लागणार नाही, काका!" मागच्या चाकांत लोखंडी ड्रम, त्यात लायनर. हँडब्रेकने ते चार महिने ड्रमला दाबून धरलेले, त्यात ओल. गंजाने दोघांचं लग्न लावून दिलं होतं. खाली लिव्हर सोडली म्हणून ते थोडेच सुटणार!

पुढच्या चाकांना विटा लावून मेकॅनिकने मागचं चाक काढलं, हातोडा उचलला.

"हळू रे," नाना कळवळले, "लागेल तिला."

ड्रमवर चहूबाजूंनी ठोके पडले. दुसऱ्या चाकालाही तेच. मग चाकं चढवून, विटा काढून त्याने रिव्हर्स टाकला. खाडकन आवाज झाला आणि गाडी हातभर मागे उडी मारून थांबली. टाळ्या!

"काका, पावसाळ्यात हँडब्रेक नको. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. आणि आठवड्यातून एकदा चक्कर मारा."

"गिअरमध्ये ठेवली आणि कोणी न बघता स्टार्टर मारला तर?"

किल्ली नानांच्या कपाटाच्या लॉकरमध्ये असते. लॉकरची किल्ली कुठे असते ते नानींनाही ठाऊक नाही.

चक्कर मात्र मारायलाच हवी, असा सगळ्यांचा आग्रह पडला. नाना गेटपर्यंत बघून आले. सणाची गर्दी, समोर दोन पीएमपी बस अडकलेल्या. "हलली ना? झालं तर!" म्हणत त्यांनी कव्हर झटकलं. गाडी मागे गेल्याने लिंबू पुढे तसंच अखंड पडलं होतं. ते उचलून त्यांनी धोतराला पुसलं.

"सरबताला होईल," म्हणाले, आणि लेकीकडे सोनं द्यायला जाण्यासाठी रिक्षाला हात केला.