राहण्यास अयोग्य जागा

अमेरिकेतल्या शहरांना बेघरांसाठी केंद्राचा निधी हवा असेल, तर आधी बेघरांची संगणकीय नोंद ठेवावी लागते. तिथल्या संसदेने 2001 साली तसं फर्मावलं. घर नंतर, सॉफ्टवेअर आधी! मग टेंडर निघतं, कंपन्या येतात, कॉफी पीत डेमो बघितला जातो. सभागृह अर्थातच गरम केलेलं असतं.

या नोंदीतल्या रकान्यांची भाषा मात्र दाद देण्याजोगी आहे. माणूस इथे ‘क्लायंट’. काल रात्री कुठे झोपलात, या प्रश्नाला एक अधिकृत पर्याय आहे: ‘राहण्यास अयोग्य जागा’. फूटपाथ, मोटार, बसस्टँड, पडकी इमारत, सगळं त्यात मावतं. (एवढी प्रशस्त जागा एकट्या या रकान्यातच असावी.) उत्तर येत नसेल तर ‘क्लायंटला माहीत नाही’, द्यायचं नसेल तर ‘क्लायंटची इच्छा नाही’. सोय सगळ्याची आहे.

शिवाय जानेवारीअखेरची एक रात्र ठरवून, थंडीत हिंडून शिरगणती करायची. 2024मध्ये आकडा आला 7,71,480. तोवरचा सर्वांत मोठा. मोजण्यात कुणी कसूर केली म्हणावं, तर तसंही नाही.

निवारा सोडून क्लायंट निघाला की शेवटचा प्रश्न: आता कुठे जाणार? यादी पुन्हा तीच उघडते. कर्मचारी ‘राहण्यास अयोग्य जागा’ निवडतो, सेव्ह करतो. सॉफ्टवेअर कुठलीच हरकत घेत नाही.