ओल्या गवताची मशीन

मे महिन्यात चंद्रपूरला गवताची कुणी आठवणसुद्धा काढत नाही. पारा ४६ अंशांच्या वर गेलेला, जमीन भट्टीतून नुकत्याच काढलेल्या कौलासारखी तापलेली. तिच्या पोटात काही हिरवं शिल्लक असेल, यावर विश्वास बसायला मृग लागावा लागतो. मग दोन-चार सरी येतात आणि हराळी, कुसळी, तरोटा, गाजरगवत, सगळी मंडळी इतके दिवस कुंपणापलीकडे दबा धरून बसल्यासारखी एकदम आत घुसतात. पोळ्यापर्यंत कॉलनीच्या बागेतला बाक दिसेनासा होतो. त्यावर बसणारे निवृत्त लोक मात्र सवयीनं तिथेच जातात, आणि लांबून पाहणाऱ्याला गवतातून तीन-चार टोप्या तेवढ्या गप्पा मारताना दिसतात.

यंदा कॉलनीच्या समितीच्या बैठकीत ‘गवत कापायची मशीन घ्या’ असं ठरलं. ‘कुठली?’ असं मी विचारलं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. प्रश्न विचारील त्यानंच उत्तर आणावं, ही आपल्याकडच्या समित्यांची जुनी रीत आहे. नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली, त्यांच्यासोबत तीन गुळगुळीत माहितीपत्रकं आली. तिन्हींत तोच पांढरा कठडा, तेच अनवाणी मूल आणि मशीन ढकलताना हसणारा तोच गृहस्थ. आमच्याकडे श्रावणात गवतात अनवाणी शिरणाऱ्याला घोणस आठवते, हसू नाही. पत्रकाच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘ओल्या गवतावर वापरू नये’. ही ओळ वाचून मी बराच वेळ खिडकीबाहेर पाहत राहिलो. आमच्याकडे गवत असतं तेव्हा ते ओलं असतं, आणि कोरडं होतं तेव्हा ते उरत नाही. मग ही मशीन आम्ही चालवायची कधी?

तशी मशीनची बाजूही समजून घेतली पाहिजे. लॉन मोवरचं पातं पत्र्याच्या झाकणाखाली गरगर फिरतं आणि त्याच्या वाऱ्यानं गवत उभं राहतं, कापलं जातं, मागच्या पिशवीत उडतं. सगळा कारभार वाऱ्यावर. ओलं गवत उडत नाही. ते आडवं पडतं, कापलं गेलंच तर झाकणाला आतून चिकटतं, त्याचा गोळा होतो आणि पातं अडून इंजिन मान टाकतं. पत्रा लोखंडी असेल तर त्या ओलीनं दुसऱ्या पावसाळ्यात गंजतो. म्हणून जाणते लोक ॲल्युमिनियमचं झाकण बघतात. माझ्या ओळखीचा मेकॅनिक हे सगळं एका वाक्यात सांगून मोकळा झाला. ‘पाण्याले नाही भेत जी मशीन, गोळ्याले भेते.’

गवत कापायच्या पहिल्या यंत्राचा जन्मही पावसाळी देशातलाच, हे विशेष. इंग्लंडमधल्या स्ट्राउड गावच्या एडविन बडिंगनं १८३० साली ते काढलं. तिथल्या गिरण्यांत लोकरी कापडावरची लव कातरायचं यंत्र होतं. ते पाहून त्याला वाटलं, जमिनीवरची लवही अशीच कातरावी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयानं ते सुरुवातीलाच विकत घेतलं. तिथे वाघ पिंजऱ्यात आणि गवत बाहेर, त्यामुळे माळ्याला निवांत काम करता आलं असेल.

आमच्याकडे ही मांडणी जरा सैल आहे. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे वाघ-बिबटे वस्तीपर्यंत येतात, म्हणून गवत-झुडपं कापा, अशी ओरड होते. आणि चंद्रपूरपासून तीसेक किलोमीटरवर, मोहर्लीच्या फाटकाआड, ताडोब्यात गवत वाढावं म्हणून माणसं राबतात. नवेगाव, जामणी ही गावं गाभा क्षेत्रातून उठली, त्यांच्या शेतांची कुरणं झाली. तिथला तरोटा हातानं उपटायचा, चांगल्या गवताला जागा करून द्यायची, म्हणजे चितळ येतील, आणि चितळामागून वाघ. एकाच जिल्ह्यात वाघासाठी गवत पेरलं जातं आणि वाघासाठीच कापलं जातं. दोन्ही कामं सरकारी कागदावर बिनचूक आहेत. त्या दोन कागदांची गाठ पडली, तर ते एकमेकांना काय म्हणत असतील, असं मला उगाच वाटतं.

ओल्या गवताचं कुणालाच वावडं नसायचं, असे दिवस मी पाहिले आहेत. ब्रह्मपुरीकडच्या आमच्या गावी रोवणा संपला की आजी डोक्यावर पोत्याची खोळ घेऊन पहाटेच धुऱ्यावर जायची. गवत दवानं जड झालेलं असायचं, आणि तिला तसंच हवं असायचं. ‘उन्ह चढलं का कडक होते, मंग इळ्याले त्रास,’ असं ती म्हणे. युरोपातले लांब दांड्याचे विळे चालवणारे शेतकरीही दव असतानाच कापणीला निघत. धारेला ओलं, भरलेलं ताट सोपं जातं. गंमत अशी की जुन्या अवजाराला जी ओल हवीशी होती, तीच नव्याला सोसत नाही. आजी भारा घेऊन परतायची तेव्हा पाठीवरून पाणी निथळत असायचं आणि गोठ्यातली म्हैस तिची नाही, त्या भाऱ्याची वाट पाहत असायची. हे आजीला ठाऊक होतं, तरी ती रोज म्हशीशीच आधी बोलायची.

ओल्या गवताला न भिणारा खरा दणकट नमुना गडचिरोलीत आहे, कमलापूरच्या हत्ती कॅम्पात. सोंडेत गवताचा पुंजका धरायचा, उपटायचा, पायावर आपटून मुळांची माती झटकायची आणि तोंडात टाकायचा. गोळा होत नाही, पिशवी लागत नाही, आणि उरलेल्याचं खतही परत मिळतं. पण समितीच्या कोटेशनात तो बसत नाही, आणि वर्षातून एकदा त्याला सुट्टी देऊन औषधी वनस्पतींनी पाय शेकावे लागतात. आमच्या माळ्याला एवढी सवलत अजून मिळालेली नाही.

तेव्हा माझा अहवाल असा. चाकावरचा मोवर आपल्यासाठी नाही. झाकण नसलेला, खांद्यावर अडकवायचा ब्रश कटर घ्या, फोर स्ट्रोकचा, म्हणजे पेट्रोलमध्ये तेल मिसळायची भानगड नाही. जाड गवताला लोखंडी पातं, कोवळ्याला नायलॉनची दोरी. सरीनंतर तासभर ऊन पडू द्या. चालवणाऱ्याला गमबूट आणि चष्मा द्या, आणि त्याच्याआधी काठी आपटत कुणीतरी गवतातून फिरून या. आणि दुकानदाराला इंजिन किती ताकदीचं हे मागाहून विचारा. आधी विचारा की सुटे भाग चंद्रपुरात मिळतात, की त्यांच्यासाठी दर वेळी नागपूर गाठावं लागेल.