क्यूआर कोडास कारणे दाखवा

प्रति,
क्यूआर कोड,
मुक्काम बेकरी, चहाची टपरी व किराणा दुकान, बेंगळुरू.

विषय: दुकानदाराचा गल्ला सरकारला कळविल्याबाबत.

जुलै २०२५ मध्ये बेंगळुरूतल्या अनेक छोट्या दुकानांतून सदर कोड दिसेनासा झाला आणि ‘यूपीआय नाही, फक्त रोख’ अशा पाट्या लागल्या. फोनपेसारख्या कंपनीचे मुख्य कार्यालय ज्या शहरात, त्याच शहरात हे घडले. कर्नाटकाच्या वाणिज्य कर खात्याने २०२१-२२ पासूनच्या चार वर्षांत यूपीआयने कोणाकडे किती रक्कम जमा झाली, याचे आकडे मिळवले आणि जमा मोठी पण जीएसटी नोंदणी नाही अशा विक्रेत्यांना नोटिसा धाडल्या. कोडावरील मुख्य आरोप, तो खरे बोलला, हा आहे.

कायदा नवा नव्हता. वस्तूंची विक्री वर्षाला ४० लाखांच्या वर किंवा सेवांची २० लाखांच्या वर गेली की नोंदणी सक्तीची. ४० लाख ही रक्कम ऐकायला भरभक्कम वाटते. प्रत्यक्षात रोजचा गल्ला ११ हजारांच्या आसपास गेला की ती गाठली जाते. शिवाय मोजला जातो तो गल्ला, नफा नव्हे. सिगारेटच्या पाकिटावर दुकानदाराला सुटतात ते थोडे पैसे, उलाढालीत मात्र पाकीट अख्खे चढते. त्यात मेव्हण्याने परत केलेले उसने पैसे त्याच खात्यात आले, तर कोडाच्या लेखी तीही विक्रीच.

करमुक्त मालाची गंमत आणखी वेगळी. निव्वळ ताजी भाजी किंवा दूध विकणाऱ्याला उलाढाल कितीही झाली तरी नोंदणी लागत नाही. पण दुधाच्या पिशव्यांशेजारी बिस्किटांचे पुडे ठेवले, की दुधाची विक्रीही मर्यादेच्या हिशेबात धरली जाते. हे बारकावे जमेच्या आकड्यांत दिसत नाहीत. हावेरीच्या एका भाजीविक्रेत्याला चार वर्षांतल्या १ कोटी ६३ लाखांच्या व्यवहारांवर २९ लाखांची नोटीस आल्याची बातमी म्हणूनच गाजली.

खरा फटका दराचा आहे. दीड कोटीपर्यंत उलाढाल असलेल्या दुकानदाराला कंपोझिशन योजना घेता येते: उलाढालीवर १ टक्का कर, खाणावळीला ५ टक्के. ७० लाखांची विक्री करणाऱ्या किराणावाल्याला वर्षाला ७० हजार भरून सुटता आले असते. मात्र ही योजना आधी निवडावी लागते. मागाहून पकडला गेलेला दुकानदार त्या-त्या वस्तूच्या पूर्ण दराने हिशेबाला बसतो, वर व्याज आणि दंड. गिऱ्हाईक तर चार वर्षांपूर्वीच बन खाऊन गेलेले. त्याच्याकडून कर आता कोण मागणार?

दुसरीकडे, कोड लावण्याचा आग्रह सरकारचाच होता. आयकर कायद्यानुसार छोट्या व्यापाऱ्याच्या रोख विक्रीवर ८ टक्के नफा गृहीत धरतात, डिजिटल विक्रीवर ६ टक्केच. जानेवारी २०२० पासून यूपीआयने पैसे घेण्यावर दुकानदाराला शुल्कही नाही. एका कर खात्याने शाबासकी दिली, दुसऱ्याने त्याच शाबासकीवरून माग काढला. खात्याने नंतर बजावले की विक्री रोखीची असो वा यूपीआयची, कर सारखाच. ते बरोबरच आहे; फक्त रोखीची यादी खात्याला कोणी पाठवत नाही. त्यामुळे पाटी लावणाऱ्यांचा हिशेब, कायद्याच्या नाही तरी धंद्याच्या दृष्टीने, चुकीचा नव्हता.

तरीही नोटिसा बेकायदा होत्या असे म्हणता येत नाही. शेजारचा नोंदणीकृत बेकरीवाला इमाने कर भरतो. विनानोंदणी दुकान त्याचे गिऱ्हाईक पळवते. त्याच्यासाठी कोणी बंद पुकारला नाही.

इतरांसाठी मात्र २५ जुलैच्या बंदची हाक आली. नोटिसा राज्याच्या की केंद्राच्या कायद्याच्या, यावर मुख्यमंत्री सिद्धरामय्या आणि केंद्रीय मंत्री प्रल्हाद जोशी यांनी परस्परांच्या सरकारांकडे बोट दाखवले. कोडाला बोट नसल्याने तो गप्प राहिला. २३ जुलैला मुख्यमंत्र्यांनी व्यापाऱ्यांची बैठक घेतली: जुनी थकबाकी वसूल होणार नाही, करमुक्त माल विकणाऱ्यांवर कारवाई नाही, पण नोंदणी करावीच लागेल. बंद मागे घेण्यात आला.

सबब कोडावरील कारवाई थांबवण्यात येत आहे. खात्याला मात्र विनंती, की मागच्या चार वर्षांचे आकडे मिळवता येतात तर चालू वर्षाचेही मिळवावेत. जमा ३० लाखांवर गेली की त्याच आठवड्यात दुकानदाराला सोप्या कन्नडमध्ये कळवावे: मर्यादा जवळ आली आहे, १ टक्क्याची योजना उपलब्ध आहे, अर्ज अमुक ठिकाणी करावा. नोटीस त्यानंतर पाठवावी.

प्रत: वाणिज्य कर खाते, कर्नाटक शासन, योग्य त्या कार्यवाहीसाठी.