साहेब अहेरीत, सही सिरोंच्यात

जी प्रणाली कचेरीत बाबूंपुरती चालायची, तिची एक खिडकी सरकारने जनतेसाठी बाहेर काढली आहे. सातबाऱ्याचंच घ्या. पंधरा रुपये भरले की डिजिटल सहीचा उतारा घरबसल्या मिळतो. आखणी शहाण्या माणसाची आहे, हे आधी कबूल करू. बाहेरच्याला मिळते ती नक्कल. मूळ नोंदीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. फेरफार तलाठ्याने घ्यायचा, मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित करायचा, मधे हरकतीची नोटीस. एकट्यानेच लिहायचं आणि एकट्यानेच मंजूर करायचं, ही सोय ठेवलेलीच नाही.

दार किती उघडावं, हे सिरोंचावाल्याला शिकवायला नको. इथल्या नदीवरच्या मेडीगड्डा बंधाऱ्याला 85 दारं आहेत. कोणतं कधी उघडायचं ते पलीकडे तेलंगणात ठरतं; पाणी कुणाच्या शेतात शिरलं ते अलीकडे कळतं.

आता एका कार्यालयात चला. कुठलं ते विचारू नका, आमची तिथे कामं अडकलेली आहेत. बाहेरच्या माणसावर बंदोबस्त कडक. आधारला जोडलेला मोबाईल आणा, ओटीपी सांगा. मोबाईल शेतावरच्या पोराकडे, पोरगा नदीकाठी, आणि त्याच्या फोनने धरलाय नदीपलीकडच्या काळेश्वरमचा टॉवर. ओटीपी उगवतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते. हॅकर असता तर केव्हाच कंटाळून गेला असता. अर्जदाराला मात्र कंटाळायची मुभा नाही, कारण शेवटची बस निघून जाते.

टेबलाच्या आतल्या बाजूला वेगळा कायदा. साहेबांच्या डिजिटल सहीचं डोंगल सकाळपासून संगणकाला खोचलेलं. त्याला रबरबँडने बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर स्केचपेनने पिन. साहेब अहेरीला बैठकीत. सही करतोय रोजंदारीवरचा ऑपरेटर. पोरगा गुणी आहे, चहा आणायला जाताना लॉगिन चालू ठेवून जातो, म्हणजे कुणाची गैरसोय नको. बदली होऊन गेलेल्या साहेबांचं खातंही जपून ठेवलंय, आठवण म्हणून. त्यामुळे नोंदवहीत साहेब एकाच मिनिटाला अहेरीत चहा घेतात आणि सिरोंच्यात दाखले देतात. असा कर्तबगार अधिकारी जिल्ह्यात दुसरा नाही! उद्या खोटा दाखला निघाला तर पोरगा म्हणेल सही साहेबांची, साहेब म्हणतील हात पोराचा. दोघंही खरंच बोलतील.

यावर उपाय म्हणून वरून परिपत्रक आलं: नागरिकांसाठी आणखी एक ओटीपी.

साहेब, एवढं करा. ज्याचं खातं त्यानेच वापरावं, बदलीच्या आदेशाबरोबर जुनं खातं बंद व्हावं, ऑपरेटरला फक्त अर्ज भरण्यापुरता अधिकार द्यावा. कर्मचाऱ्यांच्या लॉगिनला पासवर्डनंतर लागणारा दुसरा कोड मेसेजने न मागवता त्यांच्याच फोनवरच्या ऑथेंटिकेटर ॲपमध्ये तयार होऊ द्या. त्याला रेंज लागत नाही, घड्याळ बरोबर असलं की पुरे. आणि ती चिठ्ठी आजच फाडा. पिनही बदला, कारण तो आता आम्हालाही पाठ झालाय.