तासिका तत्त्वावरचं स्थळ

वधूपिता : मध्यस्थ म्हणाले, मुलगा विद्यापीठात आहे.

मुलगा : विद्यापीठाशी संलग्न कॉलेजात. रोज रोह्याहून गाडीनं पेणला येतो. आणि ‘आहे’ म्हणजे आठवड्याला नऊ तासिकांपुरता आहे.

वधूपिता : म्हणजे?

मुलगा : तासिका तत्त्वावर. वर्गात उभा असेन तेवढा वेळ प्राध्यापक. घंटा झाली की बेकार.

वधूपिता : आणि आत्ता?

मुलगा : आत्ता बेकार. पोहे घेतले तर चालतील ना?

वधूपिता : घ्या हो, पेणचे आहेत. शिक्षण?

मुलगा : एम. ए., सेट, पीएच. डी.

वधूपिता : अरे वा! रोह्याचं पाणीच वेगळं. तुमचे चिंतामणराव देशमुख घ्या. देशाचे अर्थमंत्री, मग विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू!

मुलगा : कुंडलिकेच्या त्या पाण्यात आता धाटावची एमआयडीसी उतरलीय. पण त्यांच्याच आयोगानं 2019 साली पाहुण्या अध्यापकाला तासाला 1500 रुपये, महिन्याला जास्तीत जास्त 50,000 असं ठरवलं. मी अजून त्या पाहुणचाराची वाट बघतोय.

वधूपिता : पण महिन्याच्या महिन्याला हातात काही पडत असेल की.

मुलगा : बिल महिन्याचं करतो. पैसे येतात तेव्हा कुठल्या महिन्याचे, ते आम्ही आपसात विचारून ठरवतो.

वधूपिता : आमच्या गणपतीच्या कारखान्यात असं चालत नाही. डोळ्यांची आखणी करणारा माणूस आहे, त्याला हंगामाआधी उचल देतो. एका डोळ्यात बुबुळ जरा खाली गेलं, तर अख्खी मूर्ती रुसल्यासारखी दिसते. त्याला नाराज ठेवून कसं चालेल?

मुलगा : एवढं आमच्या प्राचार्यांना सांगाल का?

वधूपिता : बरं, नऊ तास सोडून बाकी काय करता?

मुलगा : तयारी, हजेरीपट, अंतर्गत परीक्षेचे गुण भरणं, सर्व्हर बंद पडला की पुन्हा भरणं. हे सगळं फुकट. नॅकची समिती आली तेव्हा मात्र मी पूर्णवेळ होतो. कोट घालून दारात उभा होतो, गुलाब द्यायला. समिती गेली, मी परत नऊ तासांचा.

वधूपिता : म्हणजे माझ्या मुलीला आठवड्याला नऊ तास नवरा?

मुलगा : उलट! नऊ तास सोडून सगळा वेळ नवरा. असं स्थळ तुम्हाला बँकेत मिळणार नाही.

वधूपिता : आणि दिवाळीच्या सुट्टीत?

मुलगा : तेव्हा तर पूर्णच तुमचा. सुट्टीत तासिका नाहीत, म्हणजे पैसेही नाहीत. दिवाळसण जरा मनावर घ्यावा लागेल.

वधूपिता : थट्टा पुरे. एवढं शिकून काय मिळवलंत? धाटावला केमिकल कंपनीत चिकटला असतात तर आज शिफ्ट इन्चार्ज असतात.

मुलगा : त्या शिफ्ट इन्चार्जला कोणीतरी शिकवलंच असेल ना काका? तुमची मुलगी कुठे शिकली?

वधूपिता : इथंच, पेणला. बी. कॉम.

मुलगा : तिचे किती सर तासिकेवरचे होते, विचारा तिला.

वधूपिता : मला काय करायचंय? मी फी भरली होती. पूर्ण!

मुलगा : तेच म्हणतोय. फी काही तासिका तत्त्वावर घेत नाहीत.

वधूपिता : आवाज चढवू नका. मी काय तुमची संस्था आहे?

मुलगा : नाही. संस्थेसमोर आवाज चढवला तर पुढच्या वर्षी नऊच्या सहा तासिका होतात.

वधूपिता : मग जागा रीतसर भरत का नाहीत? रिकाम्या नाहीत?

मुलगा : आहेत. रिकाम्या आहेत म्हणून तर मी आहे. उद्या जागा भरली आणि दुसऱ्या कोणाची वर्णी लागली, तर माझ्या नऊ तासिकाही गेल्या. त्यामुळे भरती व्हावी म्हणून मी मोर्चालाही जातो आणि होऊ नये म्हणून रोह्याच्या धावीर महाराजांना नारळही ठेवतो.

वधूपिता : मी मुलीच्या आईशी बोलून कळवतो.

मुलगा : जूनच्या आत कळवा. जूनमध्ये माझी मुलाखत असते.

वधूपिता : नव्या नोकरीची?

मुलगा : याच. दर वर्षी असते. उमेदवार मीच, जागा तीच, आणि पहिला प्रश्नही तोच : अनुभव किती?