कांद्यात हमखास नफा कमवण्याची पद्धत

पुण्यात कॉम्प्युटरवर काम करणारा माझा भाचा दिवाळीला आला होता. जेवता जेवता म्हणाला, "मामा, एकरी 120 क्विंटल, क्विंटलला 2,500 रुपये. तीन लाख झाले. तेही चार महिन्यांत. तुम्ही लोक रडता कशाला?" त्याने मोबाइलवर तक्ताही करून दाखवला. गुणाकार बरोबर होता. कांद्यात गुणाकार कुणाचाच चुकत नाही, घोळ होतो तो वजाबाकीत. मी निफाडकडचा, तीस वर्षं कांदाच करतोय, तेव्हा ही पद्धत सांगायचा अधिकार मला आहे असं समजतो. नोकरी सोडून शेतीकडे वळू पाहणाऱ्या सर्व होतकरू भाच्यांनी वही-पेन घेऊन बसावं. पेन नसेल तर उत्तमच, कारण पुढे कळेल.

आधी कोणता कांदा करायचा ते ठरवा. पावसाळी लाल कांदा टिकत नाही, काढला की पंधरा दिवसांत विकावाच लागतो, म्हणजे त्या पंधरा दिवसांत जो भाव असेल तो तुमचा. त्यानंतरच्या रांगड्या कांद्याचंही तेच, फक्त थंडी जास्त. उन्हाळ कांदा मात्र कांदाचाळीत चार-पाच महिने राहतो, म्हणून शहाणी माणसं उन्हाळ करतात. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरात उळे, म्हणजे कांद्याचं बी, टाकायचं. एकरी तीन-चार किलो उळे लागतं. ते घरच्या डेंगळ्यांचं, म्हणजे फुलांच्या दांड्यांचं, असेल तर तुम्ही भाग्यवान. विकतचं घेतलं तर पाकिटावर उन्हाळचं चित्र आणि वाफ्यात निम्मे डेंगळे, असा प्रकार होऊ शकतो. माझा झालाय. दुकानदार म्हणाला, हवामान. मी बरं म्हणालो.

रोपं लावली की मग धुकं पडतं, करपा येतो, फुलकिडे येतात आणि औषधाची फवारणी करावी लागते. एक मारून भागलं नाही की दोन मिसळून मारायची. तेही नाही भागलं की दुकानदारालाच विचारायचं, तो तिसरं देतो. पाणी रात्रीही भरायचं, कारण एक आठवडा लाईट दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. आमच्या भागात उसात बिबटे आहेत, त्यामुळे रात्री बारं देताना मोबाइलवर मोठ्याने भजन लावण्याची पद्धत आहे. बिबट्याला भजन आवडतं की नाही माहीत नाही, आपल्याला धीर येतो. हा खर्च कुठल्याही तक्त्यात धरू नये.

मार्च-एप्रिलमध्ये कांदा काढायचा, पात कापायची, निवड करायची. चांगला एकीकडे, बारीक गोल्टी एकीकडे, जोड कांदा आणि खराब खाद वेगळी. हे काम बायकाच करतात, कारण उकिडवं बसून दिवसभर विळा चालवणं पुरुषांना जमत नाही, निदान जमतं असं आजवर कुणी सिद्ध केलेलं नाही. मजुरांची टोळी आणली तर तिच्या गाडीभाड्यापासून बोलणी सुरू होतात. आमच्याकडे टोळीबरोबर आई आणि बायको बसतात. त्यांची मजुरी द्यावी लागत नाही. नफ्याचं हे पहिलं तत्त्व. अधोरेखित करून ठेवा.

आता मुख्य प्रश्न, विकायचा की चाळीत टाकायचा? चाळीत कांदा टाकला की माणूस शेतकरी राहत नाही, ज्योतिषी होतो. मध्य प्रदेशात किती लागवड झाली, कर्नाटकात पाऊस किती, बांगलादेश माल घेणार की नाही, कुठल्या राज्यात निवडणूक आहे, हे सगळं त्याला पाठ असतं. दरम्यान, चाळीत कांदा गुपचूप आपलं काम करत असतो. वजन घटतं, कोंब येतात, काजळी धरते, एक सडला की शेजारच्या चौघांना घेऊन जातो. गेल्या हंगामात मी 112 क्विंटल भरला आणि 84 बाहेर काढला. उरलेले 28 क्विंटल कुठे गेले ते जवळ गेलं की नाकाला कळत होतं.

ज्योतिषात एक अडचण आहे, ग्रह दिल्लीत असतात. ऑगस्ट 2023 मध्ये निर्यातीवर 40 टक्के शुल्क लागलं. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद. ती 31 मार्चला उठेल असं सांगितलं होतं, म्हणून आम्ही माल धरून ठेवला. मार्चमध्ये कळलं, पुढील आदेशापर्यंत मुदतवाढ. बंदी उठली 4 मे 2024 ला, आणि आमच्या दिंडोरी मतदारसंघात लोकसभेचं मतदान होतं 20 मे रोजी. हा योगायोग समजावा. बंदी उठली तरी 40 टक्के शुल्क आणि टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य होतंच. शुल्क पूर्ण गेलं 1 एप्रिल 2025 ला, आणि आपण सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण तोवर परदेशातल्या गिऱ्हाइकाला दुसरीकडचा कांदा खायची सवय लागली होती.

वर्तमानपत्रं वाचताना एक खूण लक्षात ठेवा. 'कांद्याने आणले डोळ्यांत पाणी' हा मथळा भाव चढला तरी येतो आणि पडला तरी येतो. शहर आवृत्तीत असेल तर चढलाय, ग्रामीण आवृत्तीत असेल तर पडलाय.

विक्रीचा दिवस. पहाटे चारला ट्रॅक्टर भरून लासलगावच्या कांदा बाजाराच्या वाटेला लागावं. आवारात रांगेत ट्रॉली लावून चहा घ्यावा. तुमची पाळी येते तेव्हा व्यापाऱ्यांचा घोळका येतो, एकजण ट्रॉलीवरून एक कांदा उचलतो, बोटाने दाबतो, वरचं पापुद्र्याचं टरफल चोळून फुंकतो आणि कांदा परत टाकतो. पुकारा सुरू होतो. "हजार... हजार एक्कावन्न..." आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. अकरा महिने आणि अर्धं मिनिट, असा हा व्यवहार आहे. पुण्यातल्या भाच्याने जे चार महिने धरले त्यात उळ्याचे दिवस आणि चाळीतले दिवस नव्हते.

पुकाऱ्यानंतर भाव ठरला असं वाटतं. तसं वाटू द्यावं, कारण व्यापाऱ्याच्या खळ्यापर्यंतचा रस्ता तेवढा सुखाचा जातो. काट्यावर वजन करून ट्रॉली खळ्यावर रिकामी केली की खालचा माल उघडा पडतो, आणि तिथे निघतो वांधा. "काका, खाली गोल्टी आहे. शंभर कमी करा." गोल्टी चारच असते, पण ट्रॉली रिकामी झालेली असते आणि तो ढीग परत भरायला हमाल आपला नसतो. आपण काका म्हणवून घेऊन गप्प बसतो. माझ्या ट्रॉलीत 22 क्विंटल 40 किलो होता. 1,051 चे 951 झाले. 2,240 रुपये एका 'काका'त गेले. मग हमाली, तोलाई, वाराई. हिशोबपट्टी नीट वाचावी, तिच्यात सगळ्यांची मजुरी व्यवस्थित लिहिलेली असते. ट्रॉलीतून कांदा ओढणाऱ्याची, तोलणाऱ्याची. पिकवणाऱ्याचा रकाना छापखान्यात राहून गेला असावा.

पट्टी पाहून मन खचलं तर फेब्रुवारी 2023 मधली सोलापूर बाजारातली पट्टी आठवावी. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने 512 किलो कांदा नेला, किलोला रुपया मिळाला, कापाकापी होऊन 2 रुपये 49 पैसे उरले. धनादेश दोन रुपयांचा निघाला, तोही पुढच्या तारखेचा. त्याच्या मानाने आपण सुखी आहोत, हे दुसरं तत्त्व. त्याच वर्षी सरकारने क्विंटलला 350 रुपये अनुदान दिलं, पण सातबाऱ्यावर कांद्याची नोंद हवी होती. तेव्हापासून मी पिकापेक्षा नोंदीची जास्त काळजी घेतो. बांधावर उभं राहून मोबाइलला रेंज मिळेपर्यंत ई-पीक पाहणी करतो. लोक म्हणतात, हा माणूस फोटोच काढतो.

आता नफा. गेल्या हंगामाचा एका एकराचा माझा हिशोब असा: 84 क्विंटल, सरासरी 1,100 प्रमाणे 92,400 रुपये. उळे, खतं, औषधं, टोळी, डिझेल, भाडं मिळून खर्च 81,200. निव्वळ नफा 11,200 रुपये. म्हणजे पद्धत यशस्वी आहे. भाच्याला हा आकडा सांगितला तेव्हा तो जरा वेळ गप्प राहिला. तेवढ्यात बायको आतून वही घेऊन आली. तिने मागच्या पानावर, कुणाला न विचारता, आपले दिवस मांडून ठेवले होते. रोप लावायचे, निंदायचे, पात कापायचे, चाळ चिवडायचे, मिळून 41 दिवस, 300 रुपये रोजाने 12,300. आईचे दिवस तिने धरलेच नव्हते, म्हणाली त्यांना उगाच वाईट वाटेल.

भाच्याने मोबाइलवर पुन्हा काहीतरी केलं आणि तक्ता बंद केला. "मामी, तीनशे कमी नाही लावले?" एवढंच विचारलं. ते पान मी दुमडून ठेवलंय.

तर होतकरू मंडळींनो, उळे टाकायचे दिवस आलेत. बी घेताना पाकिटावरचा लॉट नंबर बघा, पावती पक्की घ्या, पाकीट फेकू नका. ई-पीक पाहणी वेळेत करा. आणि नफा हवाच असेल, तर वही घरातल्या बाईच्या हाती लागू देऊ नका.